टाइप २ मधुमेहाचं निदान: फास्टिंग, जीटीटी की एचबीए१सी?

अमृतवेल

आहाराच्या आणि औषधांच्या धाग्यांवर कुणी ना कुणी रिपोर्टमधला एकच आकडा टाकतं आणि विचारतं, "ही शुगर धरायची का?" खाली दहा जण दहा निकष सांगतात. कुणी जेवणानंतरच्या आकड्याला जीटीटीचा (ग्लुकोज पिऊन करायच्या तपासणीचा) निकष लावतं, कुणी ग्लुकोमीटरवरचे १२८ बघून निदान करून मोकळं होतं. म्हणून निदानापुरता वेगळा धागा काढते आहे. गरोदरपण, लहान मुलं आणि उपचार चालू असतानाची देखरेख यांचे निकष वेगळे असतात, ते इथे नकोत.

आधी आकडे. नसेतून घेतलेल्या रक्ताच्या प्लाझ्मामध्ये (पेशी वगळून उरलेल्या द्रवात), किमान आठ तास काही न खातापिता (पाणी सोडून), साखर दर १०० मिलिलीटरला १२६ मिलिग्रॅम किंवा जास्त, ही फास्टिंग. किंवा ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी २०० किंवा जास्त. किंवा एचबीए१सी, म्हणजे हिमोग्लोबिनला चिकटलेल्या साखरेचं प्रमाण, ६.५ टक्के किंवा जास्त. चौथा मार्ग लक्षणांचा: खूप तहान, सारखी लघवी, कारण नसताना वजन उतरणं हे सगळं समोर दिसत असेल आणि दिवसात कधीही घेतलेल्या रक्तात साखर २०० किंवा जास्त असेल, तर निदान तिथेच झालं.

लक्षणं नसतील तर मात्र एका आकड्यावर निदान होत नाही. दोन आकडे लागतात. एकाच दिवशी, एकाच वेळी काढलेल्या रक्तात फास्टिंग १३१ आणि एचबीए१सी ६.८ आलं तर ते दोन आकडे झाले, पुन्हा बोलवायची गरज नाही. पण फास्टिंग ११८ आणि एचबीए१सी ६.७ असेल, तर जी तपासणी हद्दीच्या वर गेली तीच पुन्हा करायची, म्हणजे एचबीए१सी. बऱ्याच ठिकाणी उलटं होतं: फास्टिंग पुन्हा केली जाते, ती पुन्हा ११६ येते आणि माणूस "काही नाही" म्हणून घरी जातो.

१२६ हा आकडा १९९७ साली आला, त्याआधी हद्द १४० होती. डोळ्याच्या पडद्यावर मधुमेहाचे बदल साखरेच्या कोणत्या पातळीपासून वाढत जातात हे पाहून ती खाली आणली. एचबीए१सी निदानासाठी चालेल असं अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने २०१० मध्ये मान्य केलं, जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये. त्याआधी ती फक्त उपचार कसे चालले आहेत हे बघायची तपासणी होती. जागतिक आरोग्य संघटनेने त्या वेळी एक वाक्य जोडलं होतं, ते फार कमी रिपोर्टांवर छापलेलं असतं: ६.५ च्या खालचा आकडा आला म्हणजे साखरेच्या तपासणीत सापडणारा मधुमेह नाही, असं ठरत नाही.

लॅबमधल्या आणि दवाखान्यातल्या मंडळींनी पुढे लिहावं.

काचनळी

अमृतवेल, आकड्यांच्या आधी बल्बचं, म्हणजे रक्त घेतात त्या नळीचं बोलायला हवं. फास्टिंगचा निकाल सुईपासून यंत्रापर्यंतच्या वाटेवर सगळ्यात जास्त बिघडतो, आणि तो नेहमी खालच्या बाजूला बिघडतो.

रक्त काढलं तरी त्यातल्या पेशी जिवंत असतात आणि साखर वापरत राहतात. खोलीच्या तापमानाला दर तासाला ५ ते ७ टक्के साखर कमी होते. खरी साखर १२८ असेल आणि साधा बल्ब दोन तास तसाच ट्रेमध्ये पडून राहिला, तर यंत्र ११० ते ११५ दाखवेल. कागदावर माणूस निरोगी. पांढऱ्या पेशी खूप वाढलेल्या असतील तर घट आणखी वेगाने होते.

यावर उपाय म्हणून राखाडी टोपणाचा फ्लोराइड बल्ब वापरतात. लॅबमध्ये नव्याने आलेल्यांना वाटतं की फ्लोराइड घातलं की साखर तिथल्या तिथे थांबली. तसं होत नाही. फ्लोराइड साखर मोडायच्या साखळीतल्या बऱ्याच पुढच्या टप्प्यावर काम करतं. मधले टप्पे चालू राहतात आणि पहिले एक-दोन तास साखर जवळपास साध्या बल्बसारखीच उतरते. त्यानंतर मात्र आकडा स्थिरावतो आणि दिवसभर टिकतो. म्हणजे फ्लोराइड बल्ब लांबच्या प्रवासाला चांगला, पण सुरुवातीची घट तो वाचवत नाही.

खरी काळजी घ्यायची तर दोनच रस्ते आहेत. रक्त काढल्याबरोबर बल्ब बर्फ आणि पाण्याच्या मिश्रणात ठेवायचा आणि अर्ध्या तासाच्या आत सेंट्रिफ्यूज करून (यंत्रात वेगाने फिरवून) प्लाझ्मा वेगळा करायचा. नुसत्या बर्फाच्या खड्यांवर ठेवून भागत नाही, बल्ब सगळीकडून गार व्हायला पाणी लागतं. नाहीतर सायट्रेट असलेले बल्ब वापरायचे. त्यातली आम्लता पहिल्याच टप्प्यावर साखर मोडणं थांबवते. असे बल्ब आपल्याकडे सर्रास मिळत नाहीत. जेल असलेल्या पिवळ्या टोपणाच्या बल्बमध्ये रक्त गोठल्यावर लगेच फिरवलं तर जेलचा थर पेशी वेगळ्या ठेवतो, तेही चालतं. पण "लगेच" हा शब्द तिथे पाळला जायला हवा.

आणखी एक. फ्लोराइड बल्ब भरल्यावर आठ-दहा वेळा हलकेच उलटसुलट करायचा. पावडर तळाशी चिकटून राहिली तर वर गुठळी होते आणि पावडरीचा उपयोग होत नाही. जोरात हलवायचंही नाही, पेशी फुटतात.

शेवंता

मग होम कलेक्शनचं काय? सकाळी साडेसहाला रक्त घेतात, तो मुलगा आणखी सात-आठ घरं करतो आणि दहाच्या सुमारास सेंटरवर पोहोचतो. फास्टिंग अशा रीतीने द्यावी की नाही?

काचनळी

शेवंता, निदानासाठी असेल तर शक्यतो नाही. लॅबमध्ये जाऊन द्यावी, जिथे आतच सेंट्रिफ्यूज आहे अशा लॅबमध्ये. बऱ्याच रिपोर्टांच्या डोक्यावर दोन वेळा छापलेल्या असतात, सॅम्पल घेतल्याची आणि लॅबमध्ये पोहोचल्याची. त्यांच्यात तीन-चार तासांचं अंतर असेल आणि फास्टिंग ११५ ते १२५ च्या दरम्यान असेल, तर तो आकडा "नॉर्मलच्या जवळ" समजू नका, पुन्हा द्या. अंतर असूनही १४० आली असेल तर प्रश्न नाही. चूक खालच्या बाजूची असते, त्यामुळे खरी साखर त्याहून जास्तच असणार.

एचबीए१सीला ही अडचण नाही. जांभळ्या टोपणाचा ईडीटीए बल्ब, उपास लागत नाही, फ्रीजमध्ये काही दिवस टिकतो. घरून रक्त द्यायचं असेल तर ही तपासणी त्याच्यासाठीच आहे.

उपासाबद्दलही थोडं. रात्री आठ-नऊला जेवण आणि सकाळी सात-आठला रक्त, हे उत्तम. आठ तास हा किमान आकडा आहे आणि चौदाच्या पुढे ताणू नये. "नाश्ता केला नाही" म्हणून दुपारी एकला दिलेलं रक्त सकाळच्या फास्टिंगसारखं नसतं, दुपारी आकडा कमी येतो आणि निकष सकाळच्या रक्तावर बेतलेले आहेत. बिनसाखरेचा चहा किंवा कॉफीही नको. फक्त पाणी.

ओपीडी दहा ते एक

काचनळी यांनी फास्टिंगचा पाया नीट घातला आहे. मी जेवणानंतरच्या तपासणीबद्दल लिहितो, कारण आपल्याकडे "फास्टिंग-पीपी" ही जोडी इतकी रुळली आहे की पीपी म्हणजेच जीटीटी असा समज झाला आहे.

जेवणानंतर दोन तासांची साखर, म्हणजे पीपी, निदानाच्या निकषांत नाही. जेवणात काय आणि किती होतं ते ठरलेलं नसतं. एक जण दोन पोळ्या, भात, आमटी खाऊन येतो, दुसरा तपासणी आहे म्हणून नुसती भाजी आणि ताक घेतो. दोन तास कुणी पहिल्या घासापासून मोजतं, कुणी हात धुतल्यापासून. लक्षणं असताना पीपी २०० च्या वर आली तर ती "कधीही घेतलेली साखर" म्हणून मोजता येते, हे खरं. पण लक्षणं नसलेल्या माणसाची पीपी १६५ आली तर त्यातून फक्त एवढंच निघतं की नीट तपासणी करायला हवी. उपचार चालू असलेल्यांसाठी पीपी उपयोगाची आहे, तो वेगळा विषय.

आता जीटीटी. ती नीट करायची तर अशी:

आधीचे तीन दिवस रोजचं जेवण हवं, त्यात दिवसाला किमान १५० ग्रॅम कर्बोदकं. मध्यम आकाराच्या पाचेक पोळ्या, वाटीभर भात आणि वरण एवढ्यात ती भरतात. हे पथ्य उलट्या बाजूचं आहे म्हणून लोक गोंधळतात. तपासणीच्या आधी गोड बंद, भात बंद, असं केलं की स्वादुपिंडाची एकदम आलेल्या साखरेला उत्तर देण्याची तयारी मंदावते आणि दोन तासांचा आकडा खोटा वर जातो. कीटोवर असलेल्यांची जीटीटी याच कारणाने फसते. नवरात्रात साबुदाणा, भगर, बटाटा खाऊन केलेल्या उपासात कर्बोदकं भरपूर असतात, तिथे हा प्रश्न नाही. नुसत्या फळांवर किंवा पाण्यावर राहणाऱ्यांनी उपास संपल्यावर तीन दिवस थांबावं.

त्या दिवशी सकाळी फास्टिंगचं रक्त घ्यायचं. मग ७५ ग्रॅम ग्लुकोज २५० ते ३०० मिलिलीटर पाण्यात विरघळवून पाच मिनिटांत संपवायचं. घड्याळ पहिल्या घोटाला सुरू होतं, शेवटच्या नाही. मधल्या दोन तासांत बसून राहायचं: चालायला जायचं नाही, जिने चढायचे नाहीत, विडी-सिगरेट नाही, खाणं नाही. "दोन तासांनी या" म्हणून माणसाला बाजारात पाठवलं की चालण्याने स्नायू साखर ओढतात आणि आकडा कमी येतो. उलटी झाली तर त्या दिवशीची तपासणी सोडून द्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा करायची. गार पाणी आणि लिंबाचे चार थेंब यांनी मळमळ कमी होते.

काचनळी

यात ग्लुकोजच्या वजनाची मेख आहे, ती लिहितो. निकषातले ७५ ग्रॅम हे निर्जल ग्लुकोजचे आहेत. दुकानात डब्यात मिळणारी पावडर बहुधा डेक्स्ट्रोज मोनोहायड्रेट असते, तिच्या वजनात पाणीही धरलेलं असतं. ती ७५ ग्रॅम मोजली तर प्रत्यक्षात ग्लुकोज ६८ ग्रॅमच जातं. मोनोहायड्रेट असेल तर ८२.५ ग्रॅम घ्यावं लागतं. काही डब्यांत चवी, क्षार, जीवनसत्त्वं मिसळलेली असतात, ते नकोतच. जीटीटीसाठीची पाकिटं वेगळी मिळतात, त्यांवरही "निर्जल" लिहिलं आहे की मोनोहायड्रेट, ते वाचावं. आणि चमच्याने मोजू नये. "पाच चमचे टाका" अशा सूचनेवर केलेल्या जीटीटीला अर्थ नाही, काटा हवा.

गोंडवन

इकडे गडचिरोली-चंद्रपूरच्या बाजूला काम करणाऱ्यांसाठी एचबीए१सीचा प्रश्न पुस्तकी नाही.

एचबीए१सी म्हणजे हिमोग्लोबिनला चिकटलेल्या साखरेचं प्रमाण. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून हा आकडा गेल्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज देतो. त्यातही शेवटच्या महिन्याचा वाटा जवळपास निम्मा. म्हणजे या तपासणीला दोन गोष्टी गृहीत धराव्या लागतात: हिमोग्लोबिन नेहमीच्या प्रकारचं आहे आणि पेशी नेहमीइतक्या जगतात. यांपैकी एकही खरी नसेल तर यंत्र कितीही महागडं असो, आकडा रुग्णाच्या साखरेचा उरत नाही.

विदर्भाच्या पूर्व पट्ट्यात, मेळघाटात, नंदुरबारच्या आदिवासी भागात सिकलसेल, म्हणजे हिमोग्लोबिनचा आनुवंशिक आजार, भरपूर आहे. ज्याला सिकलसेलचा पूर्ण आजार आहे त्याच्या रक्तात हिमोग्लोबिन ए नसतंच, तर ए१सी मोजणार कशाचं? शिवाय पेशी लवकर फुटतात. अशा माणसाचं एचबीए१सी ४.८ आलं म्हणून साखर चांगली असं कुणी म्हणू नये. इथे फास्टिंग आणि जीटीटी, एवढंच. ज्यांच्यात फक्त सिकलसेलचा गुण आहे, म्हणजे वाहक, त्यांच्यात आजच्या बहुतेक यंत्रांवर आकडा ठीक येतो, पण सगळ्या यंत्रांवर नाही. रिपोर्टच्या तळाशी पद्धत लिहिलेली असते, एचपीएलसी की इम्युनोअॅसे की आणखी काही. ती वाचून लॅबला विचारावं. एचपीएलसीच्या आलेखात जास्तीचं शिखर दिसतं, ते दिसल्यावर लॅबने लिहून द्यायला हवं. बीटा थॅलेसेमियाचे (हाही हिमोग्लोबिनचा आनुवंशिक आजार) वाहक सिंधी आणि कच्छी लोहाणा समाजांत जास्त आढळतात. तिथेही साखर आणि एचबीए१सी जुळत नसतील तर हिमोग्लोबिनची तपासणी करून घ्यावी.

पण संख्येने सगळ्यात मोठा प्रश्न साध्या लोहाच्या कमतरतेचा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. लोह कमी पडलं की पेशी जास्त दिवस फिरत राहतात आणि एचबीए१सी वर सरकतं. साखर न वाढताही ५.६ चा आकडा "मधुमेहपूर्व" होऊ शकतो, ६.३ चा ६.५ ला टेकू शकतो. उलट लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या की नव्या पेशी भराभर येतात आणि आकडा उतरतो. म्हणून हिमोग्लोबिन ९ असलेल्या बाईच्या एकट्या ६.६ वर मधुमेहाचा शिक्का मारू नका. त्याच दिवशी फास्टिंग घ्या, गरज पडली तर जीटीटी करा, लोह भरून काढा आणि मग तीन महिन्यांनी एचबीए१सी बघा.

उलट्या दिशेने, म्हणजे खोटा कमी आकडा देणारी कारणं: नुकतंच रक्त चढवलेलं किंवा वाहून गेलेलं, पेशी फुटण्याचा कुठलाही आजार, डायलिसिस आणि त्यासोबतची रक्तवाढीची इंजेक्शनं, कुष्ठरोगाच्या उपचारातलं डॅप्सोन. आमच्या भागात शेवटचं कारण विसरून चालत नाही.

शेवंता

गोंडवन, फार उपयोगी. मग बी१२ ची कमतरता?

गोंडवन

तीही वरच ढकलते आणि उपचार सुरू झाल्यावर आकडा पडतो. तर्क तोच, पेशींचं वय. एचबीए१सीच्या कागदासोबत त्याच आठवड्याचं हिमोग्राम (रक्तपेशींची तपासणी) शेजारी ठेवावं. हिमोग्लोबिन आणि पेशींचा आकार हे दोन आकडे तरी बघावेत.

टेम्सकाठ

इंग्लंडमधून आलेले रिपोर्ट इथल्या धाग्यांवर चुकीचे वाचले जातात म्हणून लिहितो. इंग्लंडमध्ये साखर मिलिमोलमध्ये मिळते, १८ ने गुणलं की मिलिग्रॅमचा आकडा येतो. फास्टिंग ७.० म्हणजे १२६, दोन तासांचे ११.१ म्हणजे २००. एचबीए१सी टक्क्यांत नसतं: ४८ म्हणजे ६.५ टक्के, ४२ म्हणजे ६.०, ५३ म्हणजे ७.

दुसरा घोळ मधल्या पट्ट्याचा, म्हणजे मधुमेहपूर्व आकड्यांचा. भारतातल्या बऱ्याच लॅब अमेरिकन पट्टा छापतात: फास्टिंग १०० ते १२५, एचबीए१सी ५.७ ते ६.४. जागतिक आरोग्य संघटनेचा फास्टिंगचा पट्टा ११० पासून सुरू होतो आणि इंग्लंडमध्ये एचबीए१सीचा ४२ पासून, म्हणजे ६.० पासून. त्यामुळे ५.८ चा माणूस पुण्यात मधुमेहपूर्व ठरतो आणि लंडनमध्ये नाही. मधुमेहाची हद्द दोन्हीकडे एकच आहे, वाद फक्त मधल्या पट्ट्याचा.

अमृतवेल

आता मुख्य प्रश्न. एकच तपासणी परवडत असेल तर कोणती? एचबीए१सीला फास्टिंगच्या कितीतरी पट पैसे लागतात. दुसरीकडे उपास लागत नाही, आणि आदल्या रात्री लग्नाचं जेवण झालं म्हणून आकडा हलत नाही.

ओपीडी दहा ते एक

एचबीए१सी रोज हलत नाही हा तिचा मोठा गुण. त्याच माणसाची फास्टिंग दोन दिवसांत सहज पाच-सहा टक्के इकडेतिकडे होते, आणि जीटीटीचा दोन तासांचा आकडा त्याहून खूपच जास्त हलतो. रक्तक्षय नाही, मूत्रपिंडं ठीक आहेत, हिमोग्लोबिनचा आजार नाही अशा मध्यमवयीन माणसासाठी मी एचबीए१सी आणि फास्टिंग एकाच वेळी घेण्याच्या बाजूने आहे. दोन्ही वर, निदान झालं, एकाच फेरीत. दोन्ही अगदी खाली, म्हणजे ९२ आणि ५.३, तर तीन वर्षांनी पुन्हा. भांडण झालं तर कारण शोधायचं.

गोंडवन

इथे माझा मतभेद आहे. या जोडीतून जीटीटी गळते आणि भारतीय माणसात नेमकी तीच बोलते. आपल्याकडे फास्टिंग ९८, एचबीए१सी ६.१ आणि दोन तासांचा आकडा २१० असं चित्र वारंवार दिसतं. फास्टिंगवर यकृतातून रात्रभर सुटणाऱ्या साखरेचा प्रभाव असतो, ग्लुकोजनंतरच्या आकड्यात स्नायूंचा इन्सुलिनला होणारा विरोध आणि स्वादुपिंडातून सुटणारा इन्सुलिनचा पहिला झटका मंदावणं हे दिसतं. आपल्या लोकांत दुसरी बाजू लवकर ढासळते. पोटाचा घेर वाढलेला, आईवडिलांना मधुमेह, एचबीए१सी ५.७ ते ६.४ मध्ये, अशा माणसाची जीटीटी न करता "मधुमेहपूर्व" म्हणून घरी पाठवणं मला पटत नाही.

ओपीडी दहा ते एक

मान्य, मधल्या पट्ट्यातल्यांसाठी. पण सगळ्यांना दोन तास बसवणं गर्दीच्या ओपीडीत होत नाही. आधी जोडी, मधल्या पट्ट्यात सापडलेल्यांची जीटीटी, अशी चाळणी लावू.

वजनावरून चाळणी लावू नका, एवढं मात्र जोडतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधले जॉन युडकिन यांची तुलना २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली होती. दोघांचा बीएमआय २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. सडपातळ दिसणाऱ्या माणसाला तपासणीतून वगळायचं नाही ते यासाठी. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) इंडियॅब या मधुमेहाच्या पाहणीत गोव्याचं प्रमाण देशात सगळ्यात जास्त निघालं, २६.४ टक्के. तिथल्या डॉक्टरांनी तर तिशीनंतर कुणालाच सोडू नये.

टेम्सकाठ

जीटीटीत एका तासाचंही रक्त घ्यावं असं आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२४ मध्ये सुचवलं आहे ना?

गोंडवन

हो. एका तासाला १५५ किंवा जास्त असेल तर मधला पट्टा, २०९ किंवा जास्त असेल तर मधुमेह. फायदा असा की एक तास वाचतो आणि बिघाड आधी दिसतो. पण अमेरिकन निकषांत ते आलेलं नाही. रिपोर्टवर एका तासाचा १७० दिसला तर घाबरून २०० च्या तक्त्याशी लावू नका आणि "दोन तासांचा नॉर्मल आहे" म्हणून दुर्लक्षही करू नका.

शेवंता

ग्लुकोमीटरचं राहिलं.

काचनळी

ग्लुकोमीटरवर निदान नाही. आंतरराष्ट्रीय मानकानुसार चांगल्या मीटरलाही १०० च्या वर १५ टक्क्यांची मोकळीक आहे. खरे १२६ असताना मीटर १०७ किंवा १४५ दाखवू शकतो आणि तरीही तो पास असतो. रक्तक्षय असेल तर तो खोटा जास्त दाखवतो. आंबा किंवा केळं सोललेल्या बोटावर टोचलं तर सालीवरची साखर मोजतो, म्हणून साबणाने धुऊन, पूर्ण कोरडं करून टोचावं. जेवणानंतर बोटातलं रक्त नसेतल्या रक्तापेक्षा जास्त साखर दाखवतं, हा निसर्गाचाच फरक आहे. गावपातळीवर तिशीपुढच्यांची मीटरवर तपासणी होते ती चाळणी म्हणून, आणि ते काम तो चोख करतो. पुढचा आकडा नसेतून घ्यायचा. दंडावर लावायच्या सेन्सरबद्दलही हेच.

पॅकेजमध्ये येणारे फास्टिंग इन्सुलिन, फ्रुक्टोसामिन, लघवीतली साखर यांपैकी कशावरही निदान होत नाही. लघवीत साखर उतरायला रक्तात साधारण १८० ओलांडावे लागतात, त्यामुळे १५० चा मधुमेही तिथे स्वच्छ दिसतो. "फ्लोझिन" गटातल्या गोळ्या घेणाऱ्यांच्या लघवीत मात्र रक्तातली साखर चांगली असूनही साखर येतेच.

ओपीडी दहा ते एक

तपासणी कधी करू नये, तेही सांगून ठेवतो. न्यूमोनिया, हृदयविकाराचा झटका, मोठं ऑपरेशन अशा काळात शरीर स्वतःच साखर वाढवतं. तेव्हा १९० आली तर त्या वेळेपुरता उपचार करायचा, निदान नंतर. मात्र दाखल असतानाच एचबीए१सी घेतलं आणि ते ७.४ निघालं, तर साखर आधीपासून वाढलेली होती हे कळतं. स्टिरॉइड चालू असतील तर फास्टिंग फसवते: सकाळी एक डोस घेतला की साखर दुपारपासून संध्याकाळपर्यंत चढते आणि पहाटे उतरते. तिथे दुपारच्या जेवणानंतरचं रक्त बोलकं.

आणि लक्षणं महिनाभरातच सुरू झाली असतील, वजन झपाट्याने उतरत असेल, तर एचबीए१सीची वाट बघू नका, ते मागे राहतं. साखर आणि कीटोन त्याच दिवशी. हा टाइप २ नसून उशिरा आलेला टाइप १ असू शकतो, तेव्हा जीएडी अँटिबॉडी (स्वादुपिंडावरच्या हल्ल्याची खूण) आणि सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं त्याचा अंदाज) या तपासण्या लागतात.

शेवंता

शेवटचं विचारते. एकाच पीपीवर कुणी मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी सुरू केली आणि नंतर निदान पक्कं करायचं असेल तर?

ओपीडी दहा ते एक

गोळी चालू असताना फास्टिंग आणि एचबीए१सी घ्या. गोळी घेऊनही दोन्ही हद्दीच्या वर असतील तर निदान पक्कं. खाली आले तर काहीच ठरत नाही, कारण गोळीने ते खाली आणलेले असू शकतात. तेव्हा सुरू होण्याआधीचे जुने रिपोर्ट शोधा, दोन-तीन वर्षांपूर्वीची एखादी फास्टिंगही पुष्कळ सांगते. ते नसतील आणि आकडे अगदी कमी असतील, तर डॉक्टरांशी बोलून गोळी थांबवायची आणि तीन महिन्यांनी एचबीए१सी व जीटीटी करायची. स्वतःहून थांबवायची नाही. मधल्या काळात तहान किंवा लघवी वाढली तर तीन महिने न थांबता त्याच दिवशी नसेतून साखर.